उणे तीसमध्ये दिवसभर उभं राहायचं, तर बूट कसा निवडायचा

सांगलीच्या एका मुलाने विचारलं आहे. सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, डिसेंबरात तो कॅनडात एडमंटनला जातोय आणि पाण्याच्या व सांडपाण्याच्या लाइनी टाकणाऱ्या क्रूवर त्याला काम मिळालंय. प्रश्न असा: "दादा, इथून चांगले सेफ्टी शूज घेऊन येऊ का? तिथे उणे ३० होतं म्हणतात, मग किती ग्रॅमचं इन्सुलेशन बघू? वॉटरप्रूफ तर हवेतच. बजेट २५० डॉलर आहे. एकदाच घेईन, पण टिकले पाहिजेत."

मी याच कामात सतरा वर्षं काढली, पहिली सहा एडमंटनला आणि नंतरची ओंटारिओत. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. बूट चुकला की काय होतं ते मी स्वतःच्या बोटांवर भोगलंय.

आधी इथून नेण्याचं बघू. नेऊ नकोस. आपल्याकडचे आयएसआय शिक्क्याचे सेफ्टी शूज कच्चे असतात म्हणून नव्हे. उलट त्यांची पुढची, बोटांवरची टणक वाटी २०० ज्यूलचा मार सोसेल अशी तपासलेली असते, आणि कॅनडाच्या पहिल्या श्रेणीची अट १२५ ज्यूलची आहे. (१२५ ज्यूल म्हणजे साधारण २३ किलोचं वजन अर्ध्या मीटरहून थोड्या जास्त उंचीवरून पायावर पडणं.) पण साइटच्या फाटकावर हे गणित कुणी ऐकून घेत नाही. तिथला सेफ्टीवाला बुटाच्या बाहेरच्या अंगाला हिरवा त्रिकोण आहे का, एवढंच बघतो. हा त्रिकोण सीएसए या कॅनडाच्या मानक संस्थेचा. हिरवा म्हणजे पहिल्या श्रेणीची वाटी आणि खिळा आरपार जाणार नाही असा तळ. पिवळा त्रिकोण दुसऱ्या श्रेणीचा, ९० ज्यूलचा. निळा चौकोन असेल तर वाटी पहिल्या श्रेणीची, पण तळाला खिळ्यापासून संरक्षण नाही. फळ्या आणि खिळे पडलेल्या जागी तो चालत नाही. तू हिरवाच घे. शेजारी पांढऱ्या चौकोनात नारिंगी ओमेगाचं (Ω) चिन्ह असेल तर तळ विजेच्या धक्क्याला रोधक आहे असं समज. मात्र ती खात्री कोरड्या तळाची असते. चिखलात उभं राहून तिच्या भरवशावर केबलजवळ जाऊ नकोस.

आता मुख्य मुद्दा. 'किती ग्रॅम' हा तुझा प्रश्न मीही पहिल्या वर्षी विचारला होता. दुकानात सगळ्यात जास्त आकडा लिहिलेला चामड्याचा जोड घेतला, आत दोन जाड मोज्यांचे जोड चढवले आणि निर्धास्त झालो. जानेवारीचा दिवस, सकाळी उणे २७. पहिले दोन तास खोदाईच्या कडेने माती ओढत होतो. पाय इतके गरम की मनात म्हटलं, चला, पैसे वसूल झाले. मग मशिनची होज फुटली आणि आम्ही पाऊण तास नुसते उभे राहिलो. आधी बोटं दुखायला लागली, नंतर दुखायची थांबली. मला वाटलं, सवय झाली. आमचा फोरमन न्यूफाउंडलंडचा, साठीला आलेला माणूस. त्याने मला पाय आपटताना पाहिलं आणि ओढतच ट्रेलरमध्ये, म्हणजे साइटवरच्या चाकांच्या खोलीत, नेलं. बूट काढायला लावले, बॅटरी घेऊन आत पाहिलं आणि मलाही बघायला लावलं. वाटीच्या आतल्या बाजूला, बोटांच्या वर, पांढरा थर बसला होता, बारीक मिठासारखा. तो माझाच घाम होता, गोठलेला. बाहेरून पाण्याचा एक थेंबही आत गेला नव्हता. बूट शंभर टक्के वॉटरप्रूफ होता, आणि तरी माझे पाय ओले होते.

बूट ऊब तयार करत नाही. ऊब रक्तातून येते, बूट ती धरून ठेवतो, आणि तीसुद्धा आतल्या कोंडलेल्या हवेच्या जोरावर. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की खेळ संपला, कारण पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पटींनी उष्णता वाहून नेतं. तळपायाला घामग्रंथींची दाटी अंगावरच्या इतर बहुतेक जागांपेक्षा जास्त. कष्टाचं काम केलं की थंडीतही पाय घामेजतात, आपल्याला फक्त कळत नाही. म्हणून बूट निवडताना पहिला प्रश्न 'पाणी आत येईल का' हा नाही. पहिला प्रश्न हा, की आत तयार होणारं पाणी कुठे जाणार आणि रात्रीतून ते बाहेर कसं काढायचं.

हा धडा सैन्यांनी फार महाग पडून शिकला. १९५० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, कोरियाच्या युद्धात, चोसिन जलाशयापाशी अमेरिकी सैनिकांच्या पायात रबरी तळाचे, चामड्याच्या वरच्या भागाचे आणि आत फेल्टचा (दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा) सुकतळा असलेले बूट होते. चढावर चालताना पायाला घाम सुटायचा, रबरातून तो बाहेर जायला वाट नाही, आणि तुकडी थांबली की तोच घाम गोठायचा. हिमदंशाने जायबंदी झालेल्यांची संख्या हजारोंत होती. थंडी उणे ३० च्या आसपास होती, म्हणजे तू जिथे चाललायस तिथल्याइतकीच. आणि आपलं काम अगदी त्या चालीचंच असतं: तासभर घाम गाळायचा, मग अर्धा तास मशिनची वाट बघत उभं राहायचं.

आता ग्रॅमचा खुलासा. लेबलवर २००, ४००, ८००, १००० ग्रॅम लिहिलेलं असतं. ते अस्तराच्या एका चौरस मीटरचं वजन असतं, बुटात एकूण किती अस्तर भरलंय त्याचं नव्हे. शिवाय ते अस्तर बहुधा वरच्या भागात आणि बाजूंना असतं. पायाखाली आलेलं तुझ्या वजनाने चेपतं आणि त्यातली हवा निघून जाते. सतत चालणाऱ्याला २०० ते ४०० ग्रॅम पुष्कळ होतात, त्याहून जास्त असेल तर तो घामानेच भिजतो. ट्रॅफिक थांबवायला झेंडा घेऊन उभा राहणारा, सर्व्हेची काठी धरणारा किंवा क्रेनला इशारे देणारा, यांना ८०० ते १००० लागतात. तुझं काम मिश्र असणार, म्हणून आकड्यापेक्षा तो थर बुटातून बाहेर निघतो का, हे बघ. ते पुढे सांगतो.

पेटीवर 'उणे ४०' किंवा 'उणे ७०' असंही छापलेलं असतं. तो आकडा कंपनीचा स्वतःचा असतो आणि तो काढताना माणूस चालता होता की उभा, किती वेळ, हे तिथे लिहिलेलं नसतं. एकाच कंपनीचे दोन बूट एकमेकांशी ताडून बघायला तो उपयोगी पडतो. दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नकोस. माझा ठोकताळा असा: छापलेल्या आकड्यात पंधरा-वीस अंशांची सूट धर. उणे ४० लिहिलंय तर उणे २० ला तो बूट सुखाचा.

थंडी वरून येते असं आपल्याला वाटतं. पायाच्या बाबतीत ती खालून येते. गोठलेली जमीन, काँक्रीटची लादी, लोखंडी प्लेट, यांच्यावर उभं राहिलं की ऊब तळातून ओढली जाते. म्हणून बूट हातात घेतलास की आधी उलटा कर आणि तळाची जाडी बघ. टाचेखाली जाड आणि पंज्याखाली पातळ असेल तर खाली ठेव, कारण गोठतो तो पंजा. मग आत हात घालून सुकतळा उपसून बघ. तो निघाला पाहिजे, आणि त्याच्या जागी आठ-नऊ मिलिमीटर जाडीचा फेल्टचा सुकतळा मावला पाहिजे. फेल्टचे सुकतळे दहा-पंधरा डॉलरला मिळतात, आणि या सगळ्या यादीत एवढ्या कमी पैशांत एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. खिळ्यापासून बचाव करणारी पत्री पोलादी असते किंवा दाट विणलेल्या धाग्यांची. दोन्हींवर हिरवा त्रिकोण मिळतो. थंडीसाठी विणलेली घे, ती थंडी ओढत नाही आणि पाय वाकताना आडवी येत नाही. आणि एक साधी गोष्ट: एका जागी उभं राहायची वेळ आली की पायाखाली प्लायवूडचा तुकडा टाक. आमच्या क्रूत प्रत्येकाचा आपापला तुकडा ठरलेला असायचा, कुणी दुसऱ्याचा घेतला तर भांडण व्हायचं.

आता कोणता प्रकार घ्यायचा ते सांगतो. एडमंटनच्या जानेवारीसाठी माझं मत स्पष्ट आहे: आतला अस्तराचा मोजा वेगळा निघणारा बूट घे. तिकडे त्याला 'पॅक बूट' म्हणतात. बाहेर कवच, खाली रबर, वर चामडं किंवा जाड नायलॉन, आणि आत लोकरीच्या फेल्टचा किंवा अनेक पदरी कापडाचा अख्खा मोजा, जो उपसून काढता येतो. शिवून बसवलेलं अस्तर एकदा घामाने भिजलं की रात्रभरात पुरतं वाळत नाही. दुसऱ्या दिवशी तू ओलसर बूट घालतोस, तिसऱ्या दिवशी त्याहून ओला, आणि शुक्रवारी म्हणतोस की बूट बेकार निघाला. अस्तर निघत असेल तर ते रात्री खुंटीला टांगायचं, सकाळी कोरडं. बरोबर अस्तराचा दुसरा जोड घेतलास तर जेवणाच्या सुट्टीत बदलता येतं, आणि दुपार सकाळसारखी जाते. बॅफिन, कामिक, सोरेल ही नावं तुला ऐकू येतील. ('कामिक' हा मुळात इन्युइट लोकांचा बुटासाठीचा शब्द. सील आणि कॅरिबूच्या कातड्यांचे त्यांचे बूटही आतलं-बाहेरचं असे पदरांचेच असत.) पण नावावर जाऊ नकोस. या कंपन्यांचे कित्येक बूट फिरायला जाणाऱ्यांसाठी असतात, त्यांना वाटी नसते आणि त्रिकोणही नसतो.

वॉटरप्रूफपणाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली, अखंड साच्यातून काढलेलं रबर किंवा पॉलियुरेथेन (रबरासारखं प्लास्टिक). त्यातून पाणी येत नाही, पण घामही बाहेर जात नाही. दुसरी, चामड्याच्या आत गोअर-टेक्ससारखा पातळ पडदा. पाण्याचा थेंब त्यातून जात नाही, वाफ जाते. तिसरी, तेल-मेण मुरवलेलं नुसतं चामडं. ते दव आणि भुरभुरणारा बर्फ सोसतं, साचलेलं पाणी सोसत नाही. पडद्याच्या बुटाची कोवळ्या थंडीत मजा आहे, शून्याच्या आसपास, पावसात आणि वितळत्या बर्फात. पण उणे २५ ला आतली वाफ पडद्यातून बाहेर पडताच गार चामड्यात गोठते आणि वाट बुजवते. मग त्या पडद्याचे जास्तीचे पैसे फुकट जातात. एडमंटनची कडक थंडी कोरडी असते. बर्फ इतका सुका की बुटावरून रेतीसारखा झटकता येतो. टोरांटोकडे, म्हणजे ओंटारिओत, उलट: उणे पाचच्या आसपास, रस्त्यावर मीठ टाकून वितळवलेला राखाडी चिखल, घोट्यापर्यंत. ओंटारिओत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात माझा एडमंटनचा लाडका बूट मला बदलावा लागला. पण तुझ्या कामात एक अपवाद आहे. लाइन फुटली की खड्ड्याच्या तळाशी पाणी असणार, थंडी कितीही असो. म्हणून खालचा भाग घोट्याच्या वरपर्यंत अखंड रबराचाच हवा.

बूट गळतो कुठे, तेही दुकानातच तपास. तळातून तो सहसा गळत नाही. गळतो तो तीन जागी: बोटांच्या मागे जिथे बूट रोज हजार वेळा मुडपतो, रबर आणि चामडं जोडणाऱ्या शिवणीत, आणि जिभेच्या बाजूंना. जीभ दोन्ही अंगांनी कापडाने किंवा चामड्याने बुटाला जोडलेली असते. आत बोट घालून तो जोड किती उंचीपर्यंत आहे ते बघ. बूट दहा इंच उंच आणि जोड चार इंचांवर संपलेला, तर तुझा बूट पाण्यासाठी चारच इंचांचा. शिवणीत दोन ओळी हव्यात. बाजूला चेन (झिप) असलेला बूट साइटला नको, चेन गोठते, दातांत वाळू बसते आणि पाणीही तिथूनच येतं.

चामड्याची पारख मला कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत मामाने शिकवली होती, तीच तिकडे कामी आली. अंगठ्याने चामडं आत दाब. अस्सल वरच्या थराचं असेल तर अंगठ्याभोवती बारीक, अनियमित सुरकुत्या उठतात आणि अंगठा काढला की विरतात. वर रंगाचा-प्लास्टिकचा लेप चढवलेलं असेल तर ते नुसतं गुळगुळीत खोलगट होतं, आणि असं चामडं मुडपण्याच्या जागी पहिल्याच हिवाळ्यात तडकतं.

माप हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग. आपल्याकडे बुटांवर ब्रिटिश माप असतं, कॅनडात अमेरिकी. पुरुषांचा आपला ८ नंबर म्हणजे तिथला साधारण ९. पण आकडा विसर आणि पाय मोजून घे, संध्याकाळी, पाय थोडा सुजलेला असताना, आणि जे मोजे कामावर घालणार तेच घालून. पुढे अंगठाभर जागा हवी आणि बूट बांधल्यावरही बोटं वर-खाली हलली पाहिजेत. टाच मात्र उचलता कामा नये. आपले पाय पंज्याला पसरट, म्हणून रुंदीचं माप माग. 'डबल ई' किंवा 'ट्रिपल ई' असं लिहिलेलं असतं. अनेकजण रुंदीसाठी एक नंबर मोठा घेतात, मग बूट चुकीच्या जागी मुडपतो आणि पोलादी वाटीची कड बोटांच्या सांध्यावर घासते. तंग बुटाचं नुकसान दुहेरी आहे: हवेला जागा राहत नाही, आणि रक्ताची ये-जा आवळली जाते. माझे त्या दिवशीचे दोन मोजे नेमके हेच करत होते. थंडी वाजते म्हणून आणखी एक मोजा चढवायचा, पाय आणखी आवळला जातो, आणखी थंड पडतो. नवीन आलेला प्रत्येक मुलगा हे करतो.

वाटी पोलादी की कंपोझिट (धातू नसलेली, प्लास्टिक आणि धाग्यांची), यावर ट्रेलरमध्ये खूप वाद होतात. पोलाद थंडी लवकर ओढतं हे खरं, पण वाटी आणि बोटांच्या मध्ये जाड अस्तर असेल तर फरक फार राहत नाही. कंपोझिट मिळाली तर घे, मात्र तिच्या जाड भिंतीमुळे बोटं दाबली जात असतील तर पोलादी बरी. फावड्यावर पाय देऊन दाब देणार असशील, शिडी चढणार असशील, तर तळाच्या कमानीत ताठ पट्टी हवी आणि टाच पुढून काटकोनात कापलेली हवी. मऊ, सपाट तळाच्या बुटाने शिडीवर तासभर उभं राहून बघ, तळपायाची कमान संध्याकाळी सांगते.

बर्फावर घसरणं हा विषय थंडीइतकाच गंभीर आहे. माझ्या ओळखीतले जे लोक हिवाळ्यात सुट्टीवर बसले, ते हिमदंशाने नाही, मनगट मोडून किंवा कंबर लचकून. खोल नक्षीचा तळ ताज्या बर्फात आणि चिखलात पकडतो. काचेसारख्या बर्फावर नक्षीचा उपयोग थोडा, तिथे रबर किती मऊ राहतं त्याला महत्त्व. साधा पॉलियुरेथेनचा तळ थंडीत लाकडासारखा होतो. इथून शूज नेऊ नकोस म्हणण्याचं हेही एक कारण. टोरांटोच्या पुनर्वसन रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कृत्रिम बर्फाची जमीन तिरपी करून त्यावर माणसं चालवतात आणि बुटांना हिमकणांचे गुण देतात, एक ते तीन. सात अंशांच्या उतारावर टिकला तर एक हिमकण. ते निकाल सर्वांना बघायला खुले असतात. पहिल्या फेरीत बहुतांश बूट एकही हिमकण मिळवू शकले नव्हते, त्यात महागडेही होते. व्हायब्रम या तळ बनवणाऱ्या कंपनीचा 'आर्क्टिक ग्रिप' तळ ओल्या बर्फावर मला स्वतःला चांगला वाटला, पण तो काँक्रीटवर लवकर झिजतो. साइटवर वरून ओढून बसवायचे काटेरी पट्टे मिळतात, ते खिशात ठेव. मात्र गाडी चालवताना, लोखंडी शिडीवर आणि इमारतीच्या आत ते काढून ठेवायचे. लोखंडावर लोखंड घसरतं.

सवलतीत मिळणाऱ्या जुन्या साठ्यापासून जप. पॉलियुरेथेनचा मधला थर न वापरताही हवेतल्या दमटपणाने कुजतो. पाच-सहा वर्षं पेटीत पडलेला कोरा करकरीत बूट आठवड्यात तळापासून सुटलेला मी पाहिलाय. जिभेच्या आत बनवल्याची तारीख असते, ती वाच.

मोजे. सुती मोजा नको, तो घाम पितो आणि धरून ठेवतो. आत पॉलिप्रॉपिलीन या कृत्रिम धाग्याचा अगदी पातळ मोजा, वर मेरिनो लोकरीचा एक जाड मोजा, बस. डब्याबरोबर दुसरा जोड घेऊन जा आणि जेवताना बदल. एवढ्याने अर्धी लढाई जिंकलीस. फार कडक थंडीत, उभ्याचं काम असेल तर आणखी एक युक्ती आहे: पातळ मोज्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर जाड मोजा. पाय आत दमट राहतो, पण घाम अस्तरापर्यंत पोहोचत नाही आणि अस्तर कोरडं म्हणजे गरम राहतं. कॅनडातल्या आया पोरांच्या पायात पावाच्या, ओंटारिओत दुधाच्या पिशव्या घालत आल्यात, ते काही अडाणीपणाचं नाही. चोसिनच्या त्या अनुभवानंतर अमेरिकी सैन्याने जे फुगीर रबरी बूट काढले ते याच तत्त्वावर होते. त्यांत लोकर दोन रबरी भिंतींच्या मध्ये कायमची बंद केलेली, बाहेरचं पाणी नाही आणि आतला घामही नाही. अशी पिशवी दिवसभर घातलीस तर संध्याकाळी पाय धुऊन नीट वाळवायचे, नाहीतर कातडी सोलते. हातासाठीच्या गरम पुड्या बुटात कोंबू नकोस. त्यांना हवा लागते, बुटात ती मिळत नाही, आणि बोटांची जागा तेवढी जाते. पायांच्या पुड्या वेगळ्या मिळतात.

घरी आल्यावर बूट दाराशी टाकून झोपायचं नाही. अस्तर आणि सुकतळा दोन्ही बाहेर काढ, वेगवेगळे टांग. बूट वाळवायचं एक छोटं यंत्र मिळतं, दोन उभ्या नळ्या असतात आणि त्यांतून कोमट हवा येते. पगार झाला की आधी ते घे. हीटरला चिकटवून किंवा शेगडीपुढे बूट ठेवशील तर चामडं कडक होऊन तडकेल आणि तळाचा डिंक सुटेल. गाडीत तर रात्री कधीच ठेवू नकोस. सकाळी उणे ३० ला गोठलेला बूट पायाच्या उबेने गरम करायला तासभर जातो, आणि ती ऊब तुला दिवसभर लागणार असते. मिठाचे पांढरे डाग दिसले की पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडक्याने पुसून घे, वाळल्यावर मेण लाव. मीठ चामड्यातलं तेल शोषतं, बूट झिजण्याआधी तो वाळून मरतो.

आणि हे जपून लक्षात ठेव: पाय दुखतोय तोवर ठीक आहे. दुखणं थांबलं आणि ऊब आली नाही, तर लगेच काम सोडून आत जा. फोरमनला काय वाटेल याचा विचार करू नकोस, चांगला फोरमन स्वतःच पाठवतो. बोटं पांढरी किंवा मेणासारखी दिसली तर चोळायची नाहीत, बर्फाने तर मुळीच नाही, हीटरवरही धरायची नाहीत, कारण बधिर कातडी भाजते आणि कळत नाही. पुन्हा थंडीत जायचं नसेल तरच ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवायची. रंग आणि जाण परत आली नाही, फोड आले, की सरळ दवाखाना. घरात मधुमेह असेल तर तुझी साखर जायच्या आधी तपासून घे. पायाची जाण कमी असलेल्या माणसाला ही सगळी सूचना वेळेवर मिळतच नाही. माझ्या उजव्या पायाच्या दोन बोटांना त्या दिवसानंतर आजही थंडी आधी कळते.

तुझ्या २५० डॉलरचं मी असं करीन. एकच बूट बारा महिने चालवायचा हट्ट सोड, कारण तो बूट उणे ३० ला पुरत नाही आणि मे महिन्यात पाय उकडवतो. एडमंटनला उतरलास की पहिल्या दोन दिवसांत, कामावर जायच्या आधी, कामाच्या कपड्यांच्या दुकानात जा. मार्क्ससारखी दुकानं जवळपास प्रत्येक भागात आहेत. हिरव्या त्रिकोणाचा, निघणाऱ्या अस्तराचा, रबरी खालच्या भागाचा बूट घे, साधारण १७० ते २०० डॉलरपर्यंतचा. उरलेल्यात अस्तराचा दुसरा जोड, फेल्टचे सुकतळे आणि लोकरी मोजे. कंपनी बुटांसाठी भत्ता देते का ते नेमणुकीच्या दिवशीच विचार. बऱ्याच ठिकाणी मिळतो, पण पावती लागते, म्हणून पावती फेकू नकोस. मार्चमध्ये हिवाळी मालाचा भाव उतरतो तेव्हा हलका चामड्याचा, पडद्याचा, २०० ग्रॅमचा जोड वसंतासाठी घे, कारण बर्फ वितळायला लागला की एडमंटनही टोरांटोसारखंच चिखलाचं होतं.

इथून न्यायचंच असेल तर आईला सांगून लोकरीचे मोजे विणून घे, मात्र सैलसर, आणि दोन जोड. बुटाच्या दुकानात जाताना ते खिशात ठेव आणि तेच घालून माप दे.